धान्य आहे, जळण नाही

१. दोन प्रश्न

गरिबांच्या पोषणाचा विषय निघाला की दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला असा, की रेशनवर धान्य फुकट मिळतंय, मग पोरं अजून इतकी किडकिडीत का? दुसरा जरा दबक्या आवाजात येतो. ज्या घरात महिनाअखेरीला उधारी करावी लागते, त्याच घरातली बाई जाड कशी?

दोन्ही प्रश्न खरे आहेत आणि आकडेही तेच सांगतात. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३६ टक्के मुलं वयाच्या मानानं कमी वजनाची निघाली. त्याच सर्वेक्षणात राज्यातल्या सुमारे २१ टक्के स्त्रिया गरजेपेक्षा बारीक, तर २३ टक्क्यांहून जास्त स्त्रिया गरजेपेक्षा जाड होत्या. म्हणजे बारीक आणि जाड जवळजवळ सारख्याच. ही दोन टोकं दोन वेगळ्या वस्त्यांत राहतात असंही नाही. पुष्कळदा ती एकाच छपराखाली असतात. मूल खुरटलेलं आणि आई स्थूल.

आपण वजनाचा हिशेब मांडतो तेव्हा दोनच गोष्टी धरतो. पोटात किती गेलं आणि अंगमेहनतीत किती खर्च झालं. पण पोतं आणि पोट यांच्या मध्ये चूल असते. तांदूळ, डाळ, गहू यांतलं काहीच कच्चं खाता येत नाही. हातमागावर नुसता ताणा लावला म्हणून चादर होत नाही, त्यातून बाणा जावा लागतो. धान्याचं आणि जळणाचं नातं तसंच आहे. आपण मात्र धान्यच मोजत आलो.

या प्रकरणात जळणाकडे आणि त्याच्या जोडीला विजेकडे पाहू. उदाहरण सोलापूरचं घेऊ. इथं उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडून त्रेचाळीस-चव्वेचाळिसापर्यंत जातो, हजारो बायका घरबसल्या विड्या वळतात, पूर्व भागात यंत्रमागांची खडखड चालते आणि पगार बहुतेकांना कामाच्या नगावर मिळतो.

२. ऊर्जेची चणचण कशी ओळखायची?

इंग्लंडमध्ये ब्रेन्डा बोर्डमन या संशोधिकेनं १९९१ साली या विषयावर पुस्तक लिहिलं आणि एक सोपी कसोटी दिली. घर पुरेसं उबदार ठेवायला आणि इतर गरजा भागवायला ज्या कुटुंबाला उत्पन्नाच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम इंधन-विजेवर घालावी लागेल, ते कुटुंब इंधनाच्या बाबतीत गरीब. ही कसोटी जगभर वापरली गेली.

ती सोलापुरात वापरायला गेलं की एक अडचण येते. इथलं घर जास्त खर्च करत नाही, ते वापरच कमी करतं. दुपारी पंखा बंद, एकच दिवा चालू, डाळ आठवड्यातून दोनदा. बिल लहान येतं आणि त्या बिलाकडे पाहून कुणी म्हणेल, या घराला विजेचा काही त्रास नाही. म्हणून बोर्डमनबाईंच्या व्याख्येतला ‘पुरेसं’ हा शब्द आपल्याकडे सर्वात महत्त्वाचा आहे. किती खर्च झाला यापेक्षा खर्च टाळण्यासाठी काय सोडून दिलं, हे विचारायला हवं.

सोलापूरला हा हिशेब नवा नाही. १९२०च्या दशकात मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसनं इथल्या सूतगिरणी कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली होती. कामगारांच्या राहणीखर्चाचे निर्देशांक निघू लागले तेव्हा त्यांत अन्न, कपडे, घरभाडं यांच्याबरोबर सरपण आणि दिवाबत्ती हा वेगळा गट होता. शंभर वर्षांपूर्वीच्या अधिकाऱ्यांना जे उघड दिसत होतं, ते पोषणाच्या चर्चेतून पुढे कुठंतरी गळालं.

विजेची निर्मिती कमी म्हणून चणचण, असंही समजू नये. दक्षिण सोलापूर तालुक्यात एनटीपीसीचा १,३२० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प आहे. तारा घरापर्यंत पोचल्या आहेत. प्रश्न मीटर फिरू देण्याच्या ऐपतीचा आहे.

३. दिवसाला १५५ ग्रॅम

आता एक लहानसं गणित करू.

१ मे २०१६ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि कोट्यवधी घरांत गॅसची शेगडी गेली. हे फार मोठं काम झालं, यात शंका नाही. पण शेगडी घरात येणं वेगळं आणि टाकी भरून आणत राहणं वेगळं. २०१९-२० साली देशभरातली उज्ज्वला कुटुंबं सरासरीनं वर्षाला जेमतेम तीन टाक्या भरत होती. पुढं अनुदान वाढलं, तसा हा आकडा चारच्या पुढं सरकला.

चार टाक्या धरा. एका टाकीत १४.२ किलो गॅस असतो. चार टाक्यांचा झाला ५६.८ किलो. त्याला ३६५ दिवसांनी भागलं की दिवसाला सुमारे १५५ ग्रॅम येतो. घरगुती शेगडीचा एक बर्नर मोठ्या आचेवर तासाला साधारण तेवढाच गॅस खातो. म्हणजे पाच माणसांच्या घराला दिवसभरात एका बर्नरचा एक तास.

या एका तासात काय बसवायचं? सकाळ-संध्याकाळचा चहा, दहा मिनिटं. भात, वीस मिनिटं. दहा भाकरी, एकीला तीन मिनिटं धरली तर अर्धा तास. संपला तास. भाजी राहिली, डाळ राहिली, तान्ह्याची पेज राहिली, आंघोळीचं पाणी तर फार लांब. ज्या घरी वर्षाला आठ-नऊ टाक्या लागतात, त्या घराला हा प्रश्न कधी पडतच नाही.

मग उरलेलं कशावर शिजतं? शहराच्या कडेच्या वस्त्यांत आणि खेड्यांत चूल पुन्हा पेटते. वेडी बाभूळ, तुराट्या, गोवऱ्या, मिळेल ते. एके काळी हा मधला काळ रेशनच्या रॉकेलवर निघायचा. गॅसजोडणी असलेल्या घरांचं ते रॉकेल बंद झालं आणि टाकी संपल्यापासून पुढची टाकी येईपर्यंतच्या दिवसांचा आधार गेला.

टाकीची अडचण नुसती किमतीची नाही, एकरकमी पैशाची आहे. विडी कामगार बाईला हजार विड्यांवर मजुरी मिळते. तिच्या हाती पैसा येतो तो थोडा थोडा आणि जातोही तसाच. सरपण वीस-तीस रुपयांचं घेता येतं, गॅसला आठशे-नऊशे रुपये एकदम मोजावे लागतात. अनुदान बँकेच्या खात्यात जमा होतं, पण नंतर. आधी पूर्ण पैसे देणं ज्याला जमतं, त्यालाच त्या सवलतीचा खरा लाभ.

शिवाय वेळ. हजार विड्या वळायला आठ-दहा तास लागतात असं धरलं, तर एका तासाच्या शंभरेक विड्या होतात. ओल्या लाकडाच्या चुलीपुढं फुंकर घालत बसलेल्या बाईचे दोन तास म्हणजे दोनशे विड्यांची मजुरी. जळण ‘फुकट’ गोळा केलं असं आपण म्हणतो तेव्हा ही मजुरी आपण मोजलेली नसते.

४. आधी काय बंद होतं?

जळण कमी पडलं की घर सगळंच शिजवणं बंद करत नाही. काय गाळायचं याचा एक क्रम असतो आणि वजनाचं रहस्य त्या क्रमात आहे.

सर्वात आधी जातं ते जास्त वेळ शिजणारं. तूरडाळ, हरभरा, मटकी, चवळी. म्हणजेच गरिबाच्या ताटातली प्रथिनं. डाळीत शंभर ग्रॅमला बावीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात आणि पुष्कळ घरांत मांस-अंडी रोज परवडत नसल्यानं भरवसा तिच्यावरच असतो. पालेभाजीही मागं पडते, कारण शीतकपाटाशिवाय सोलापूरच्या उन्हाळ्यात ती दुपारपर्यंत कोमेजते आणि रोज थोडी थोडी आणायची तर रोज शिजवावी लागते. गव्हाचंही एक छुपं ओझं आहे. रेशनचा गहू मोफत असला तरी तो दळून आणावा लागतो आणि पिठाच्या गिरणीत दळणाचे पैसे पडतात.

शेवटपर्यंत टिकतो तो भात आणि चहा.

आणि मोकळी झालेली जागा भरून कोण काढतं? ज्याला चूल लागत नाही ते. पाच रुपयांचा बिस्किटपुडा, खारी, टोस्ट, कोपऱ्यावरची भजी, वडापाव. यांचं जळण दुसऱ्या कुणीतरी आधीच जाळलेलं असतं, म्हणून घरच्या चुलीच्या दृष्टीनं ते स्वस्त. बिस्किटात शंभर ग्रॅमला साडेचारशेच्या घरात उष्मांक असतात, पण ते मैदा, साखर आणि तेलाचे. पोट भरतं, वजन वाढतं, स्नायू आणि रक्त मात्र उपाशी राहतात. राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये, ५४ टक्क्यांमध्ये, रक्तक्षय आढळला आहे. जाड बाई आणि फिकट बाई या पुष्कळदा एकच असतात.

सोलापूरच्या स्वयंपाकघरानं या अडचणीवर फार पूर्वीच एक उत्तर शोधलेलं आहे आणि त्याचं मोल आपण ओळखत नाही, याचं मला वाईट वाटतं. ते उत्तर म्हणजे कडक भाकरी. ज्वारीची पातळ भाकरी थापायची, भाजायची आणि पूर्ण कोरडी, कुरकुरीत होऊ द्यायची. पाण्याचा अंश जवळजवळ गेलेला असतो, त्यामुळे बुरशी धरत नाही आणि ती कित्येक दिवस टिकते. एकदा तवा तापवला की आठवड्याची सोय. ताटात ती चुरून आमटी, दूध किंवा दही घातलं की जेवण झालं. जोडीला शेंगाचटणी. तिला फक्त दाणे भाजण्यापुरती आच लागते, बाकी काम उखळीचं. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. ज्वारी आणि शेंगदाणे एकत्र आले की कमीत कमी जळणात पोटभर आणि पौष्टिक जेवण होतं. कोरडवाहू मुलखातल्या बायकांनी धान्य, पाणी आणि सरपण या तिन्हींची टंचाई एकाच वेळी सोसत हे जेवण घडवलं.

आज अडचण अशी, की रेशनवर मुख्यतः तांदूळ आणि गहू येतो. मंगळवेढ्याची ज्वारी भौगोलिक मानांकन मिळवून नावाजली, पण रोजंदारीवरच्या घराला ती बाजारभावानं घ्यावी लागते. फुकटचा तांदूळ घरात असताना ज्वारीवर पैसे घालणं जड जातं. कडक भाकरी आता दुकानांत पाकिटातून विकली जाते, शहराबाहेरची माणसं आवडीनं नेतात. ज्या घरांच्या गरजेतून ती जन्मली, त्या घरांत बिस्किटाचा पुडा येतो.

५. लहान मुलाचं पोट

मोठ्या माणसाला दिवसातून एकदा शिजवलेलं दोनदा खाऊन चालतं. वर्षा-दीड वर्षाच्या मुलाला चालत नाही. त्याचं पोट लहान आणि वाढीची गरज मोठी. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा, की नऊ महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या मुलाला आईच्या दुधाशिवाय दिवसातून तीन-चार वेळा मऊ, घट्टसर अन्न द्यावं आणि मध्ये एक-दोनदा काहीतरी खायला द्यावं.

तीन-चार वेळा मऊ अन्न द्यायचं तर तीन-चार वेळा शेगडी पेटवायला हवी, निदान अन्न गरम करायला तरी. ज्या घरात चूल सकाळी एकदाच पेटते तिथं सकाळचा भात दुपारी आणि संध्याकाळी मुलाच्या तोंडात जातो. अन्नातले जंतू साधारण ५ ते ६० अंश तापमानात वाढतात आणि सर्वात झपाट्यानं वाढतात ते शरीराच्या तापमानाला, ३७ अंशांच्या आसपास. मे महिन्यातल्या पत्र्याच्या खोलीचं तापमान याहून वेगळं नसतं. दुपारपर्यंत भातात काय झालं असेल, याचा अंदाज करा. मूल खातं, जुलाब होतात, खाल्लेलं निघून जातं, चार दिवस भूक मरते आणि वजन उतरतं. पुन्हा भरून येईपर्यंत दुसरा आजार.

इथं अंगणवाडीची भूमिका पाहण्यासारखी आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथं गरम ताजा आहार मिळतो. शिजवण्याचा भार घरावर पडत नाही. पण तीन वर्षांखालच्या मुलांना घरी न्यायचा शिधा मिळतो, ज्याला सगळे टीएचआर म्हणतात. तो घरी शिजवायचा असतो. म्हणजे ज्या वयात कुपोषण सर्वात खोल घाव घालतं, त्याच वयात आपण धान्य देतो आणि जळण त्या आईवर सोडतो.

६. बिल की बाजार?

विजेचं बिल आणि वाण्याचं सामान यांत एक मोठा फरक आहे. बिलाला तारीख असते. ती चुकली तर जोडणी तुटते. भुकेला तारीख नसते, डाळ चार दिवसांनी आणली तरी कुणी नोटीस पाठवत नाही. म्हणून ओढाताणीत कात्री लागते ती बाजाराला.

याचा सर्वात चांगला अभ्यास थंड प्रदेशात झाला. २००३ साली जयंत भट्टाचार्य, जॅनेट करी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या घरखर्चाच्या नोंदी तपासल्या. कडाक्याच्या थंडीत घर तापवण्याचा खर्च वाढला की गरीब कुटुंबं अन्नावरचा खर्च जवळजवळ तितकाच कमी करत. हिवाळ्यात गरीब घरातली मोठी माणसं आणि मुलं दिवसाला सुमारे २०० उष्मांक कमी खात होती. सुखवस्तू घरांत असं काही झालं नव्हतं. २०० उष्मांक म्हणजे साधारण दोन पोळ्या.

पुढं २००६ साली बॉस्टनच्या डॉ. डेबोरा फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन वर्षांखालच्या मुलांकडे पाहिलं. ज्या गरीब कुटुंबांना सरकारकडून इंधनखर्चासाठी मदत मिळत होती, त्यांच्या मुलांची वजनं मदत न मिळणाऱ्यांपेक्षा बरी होती. ती मुलं जाड झाली नव्हती, फक्त कमी वजनाच्या धोक्यापासून वाचली होती. अन्नाचा एक दाणाही न वाढवता, निव्वळ बिलाला हातभार लावून मुलांचं वजन राखता येतं, हे त्यातून दिसलं.

सोलापुरात हेच चित्र उलट्या ऋतूत उभं राहतं. इथं संकट एप्रिल-मेचं. दोन खोल्यांच्या घराचं बिल मांडून पाहू. ७५ वॉटचे दोन पंखे रोज दहा तास चालले तर महिन्याला ४५ युनिट. लहान शीतकपाट असेल तर ३० धरा. टीव्ही ९, चार दिव्यांचे ५. झाले ८९. आता उन्हाळा आला आणि १५० वॉटचा कूलर रात्रीचे आठ तास लावला तर ३६ युनिट वाढले. एकूण १२५.

महावितरणच्या घरगुती दरात शंभर युनिट ही एक सीमा आहे. तिच्या पलीकडच्या प्रत्येक युनिटचा दर जवळजवळ दुप्पट होतो. म्हणजे शेवटचे २५ युनिट पहिल्या ५० युनिटांच्या किमतीचे. म्हणून पुष्कळ घरांत कूलर असतो आणि बंद असतो. सुरू ठेवला, तर ते पैसे दूध, अंडी, भाजी यांतूनच निघतात, कारण घरभाडं आणि कर्जाचा हप्ता हलत नाही.

७. उकाडा, झोप आणि भूक

कूलर बंद ठेवला की पैसे वाचले असं वाटतं. पण त्याची किंमत रात्री मोजावी लागते.

पत्रा दिवसभर तापतो, पण सूर्य मावळला की लवकर निवतो. सिमेंटचा स्लॅब उष्णता धरून ठेवतो आणि रात्री उशिरापर्यंत आत सोडत राहतो. सोलापूरजवळ कुंभारीच्या रे नगरमध्ये विडी आणि यंत्रमाग कामगारांसह असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांची वसाहत उभी राहते आहे. त्यातली १५ हजार घरं १९ जानेवारी २०२४ला लोकांच्या हाती आली. कुडाच्या आणि पत्र्याच्या झोपड्यांतून पक्क्या घरात जाणं ही या कामगारांच्या दीर्घ लढ्याची कमाई आहे. पण पक्क्या घरालाही वारा लागतो आणि विनावीज वारा मिळणं हा बांधणीचा प्रश्न आहे. गच्चीला पांढरा चुना, समोरासमोर खिडक्या, भिंतीवर सावली या गोष्टी नकाशातच असल्या तर रहिवाशाचं बिल जन्मभर कमी येतं.

झोप मोडल्यानं भूक कशी बदलते, याचा एक प्रयोग शिकागो विद्यापीठात झाला होता. २००४ साली तो प्रसिद्ध झाला. बारा निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं आणि नंतर त्यांची तुलना दहा तास झोपल्यावरच्या स्थितीशी केली. आपल्या शरीरात लेप्टिन नावाचं एक संप्रेरक ‘पुरे’ असं सांगतं आणि घ्रेलिन नावाचं दुसरं ‘आणखी हवं’ असं सांगतं. झोप तोडल्यावर लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं, घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं आणि भूक सुमारे चोवीस टक्क्यांनी वाढली. ओढ वाढली ती मुख्यतः गोड आणि पिठूळ पदार्थांची.

आता हा निष्कर्ष विडी वळणाऱ्या बाईला लावून पाहा. रात्री दोनपर्यंत तळमळ, पहाटे पाचला पाणी भरायला उठणं, मग मांडीवर सूप घेऊन आठ-दहा तास एका जागी बसणं. बसून करायच्या कामात उष्मांक फारसे जळत नाहीत. अंगात मरगळ, म्हणून दर दोन तासांनी साखरेचा चहा आणि त्यात बुडवायला बिस्किट. डाळ शिजलेली नाही, म्हणून पोट भरायला भात. वर्षभर हे चाललं की वजन वाढतं आणि तिला सल्ला मिळतो, खाणं कमी करा. डाळ-भाजी तर ती आधीच कमी खाते आहे. ऊर्जेची चणचण आणि लठ्ठपणा यांचा संबंध ऑस्ट्रेलियातल्या घरांच्या दीर्घकालीन पाहणीतूनही २०२१ साली पुढं आला, म्हणजे ही गोष्ट आपल्याच देशापुरती नाही.

८. बारीक दिसणारं जाड शरीर

या विषयातलं एक महत्त्वाचं पान महाराष्ट्रात लिहिलं गेलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास होतं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन किलो. पण कमी पडलं होतं ते मुख्यतः स्नायू आणि पोटातले अवयव. चरबी त्या मानानं राखली गेली होती. बारीक, तरी चरबीदार बाळ. मोठेपणी खाणं थोडं सुधारलं की अशा शरीराला मधुमेह लवकर गाठतो.

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचा एकत्र फोटो आला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, तंतोतंत सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. बीएमआयनं सारखी ठरणारी दोन माणसं आतून किती वेगळी असू शकतात, हे त्या एका छायाचित्रानं दाखवून दिलं. भारतीयांसाठी बीएमआयची जास्त वजनाची रेषा २५ऐवजी २३वर धरतात, ती याच कारणानं.

जळणाशी याचा संबंध कसा? त्याच गावांच्या अभ्यासात आणखी दोन गोष्टी सापडल्या. गरोदरपणात ज्या बायकांवर घरच्या आणि शेतातल्या कष्टांचा भार जास्त होता, त्यांची बाळं लहान होती. आणि ज्यांच्या खाण्यात पालेभाज्या, दूध आणि फळं अधिक वेळा होती, त्यांची बाळं मोठी होती. सातव्या महिन्यात डोक्यावर तुराट्यांचा भारा आणणं हा कष्टांचाच भाग आणि पालेभाजी तर जळण कमी पडल्यावर ताटातून जाणाऱ्या पहिल्या जिनसांपैकी एक. आईच्या चुलीची चणचण बाळाच्या स्नायूंवर उमटते आणि चाळीस वर्षांनी साखरेच्या तपासणीत दिसते.

९. धुराबद्दल थोडं

चुलीच्या धुरानं फुप्फुसं खराब होतात, हे आता सर्वांना ठाऊक आहे. पुण्याच्या डॉ. संदीप साळवी यांनी धूम्रपान न करणाऱ्यांनाही दमकोंडीचा जुनाट आजार कसा जडतो, याकडे जगाचं लक्ष वेधलं. चुलीचा धूर हे त्याचं एक मोठं कारण.

मात्र गॅस दिला की बाळांची वजनं आपोआप वाढतील, हा समज टिकला नाही. तामिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा इथं गरोदर स्त्रियांना गॅस मोफत पुरवून एक मोठा प्रयोग झाला. धूर खूप कमी झाला, पण २०२२ साली आलेल्या निष्कर्षांत बाळांच्या जन्मवजनात म्हणावा तसा फरक दिसला नाही. गॅस निरुपयोगी आहे असा अर्थ मी यातून काढत नाही. नुसता धूर कमी करून भागत नाही, भांड्यात काय शिजतं तेही बदलावं लागतं, असं मला त्यातून दिसतं.

१०. काय करता येईल?

आधी घरातलं. डाळ आणि कडधान्य रात्रभर भिजवलं, कुकर वापरला, शिटी झाल्यावर आच बारीक केली आणि भांड्यावर झाकण ठेवलं, तर तीच डाळ बऱ्याच कमी गॅसवर शिजते. कुकरची रबरी रिंग खराब झाली की वाफ निसटते आणि पुष्कळ घरांत कुकर त्या एका रिंगेपायी माळ्यावर जातो. ती रिंग बदलणं हा मला या यादीतला सर्वात स्वस्त उपाय वाटतो.

पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेनं, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकारानं, उसाच्या पाचटापासून कोळशाच्या कांड्या करण्याचं तंत्र बसवलं. २००२ साली त्यासाठी संस्थेला आंतरराष्ट्रीय अॅशडेन पुरस्कार मिळाला. त्यांच्या ‘सराई’ कुकरमध्ये अशा सुमारे शंभर ग्रॅम कांड्यांवर चार-पाच माणसांचा वरण-भात आणि भाजी होते. कोळसा बंद खोलीत पेटवायचा नाही, ही काळजी मात्र घ्यायलाच हवी, त्याचा वायू जीवघेणा असतो. सोलापूर हा उसाचा जिल्हा. इथल्या फडांत दर हंगामात पाचट पेटवून दिलं जातं आणि काही मैलांवरची घरं जळण शोधत फिरतात. साखर कारखान्यांनी आणि महिला बचतगटांनी हे काम अंगावर घेतलं तर दोन्ही टोकं जुळतील.

विजेचं मघाचं गणित पुन्हा काढा. ७५ वॉटच्या दोन पंख्यांऐवजी ३० वॉटचे बीएलडीसी पंखे लावले, तर महिन्याला २७ युनिट वाचतात. १२५ युनिटचं बिल ९८वर येतं, शंभरच्या आत. कूलर सुरू ठेवूनही उन्हाळ्यातल्या महिन्याला अडीचशे-तीनशे रुपये वाचतात. पण असा एक पंखा अडीच-तीन हजारांना पडतो आणि इथं पुन्हा तीच एकरकमी पैशाची भिंत उभी राहते. महावितरणनं किंवा विडी कामगारांच्या पतसंस्थांनी तो हप्त्यावर दिला, तर हप्ता बिलातल्या बचतीतूनच फिटत जाईल. टाकीचंही तसंच. पाच किलोची लहान टाकी मिळते, ती वस्तीतल्या रेशन दुकानातच हप्त्यानं भरून मिळाली तर रोजंदारीवरच्या घराला झेपेल.

आणि दवाखान्यात, अंगणवाडीत मुलाचं वजन उतरलेलं दिसलं की ‘काय खायला घालता?’ हा प्रश्न विचारला जातोच. त्याला आणखी तीन प्रश्न जोडावेत असं मला मनापासून वाटतं. टाकी संपून किती दिवस झाले? गेल्या आठवड्यात डाळ किती वेळा शिजली? आणि रात्री मूल किती तास झोपतं? उत्तर एका ओळीत मिळतं, तपासणीचा खर्च शून्य. अंगणवाडीच्या वहीत वजनाच्या रकान्याशेजारी हे तीन रकाने आखायला कुणाची मंजुरीही लागू नये.